गौरीचे हात आणि आत्याचं मांजर

परवा व्हाइटफील्डहून नातीचा फोन आला. आधी फोटो पाठवला होता. कुंडीत कसलंसं रुंद पानांचं हिरवंगार झाड आणि शेजारी तिचं ते गुबगुबीत मांजर. म्हणाली, "आजी, हे झाड मांजराला चालतं का गं? मी खूप वाचलं, पण प्रत्येक जण वेगळंच सांगतोय."

मी म्हटलं, "नाही चालत. देऊन टाक कुणाला तरी."

"अगं, पण कुठलं झाड आहे ते तरी बघ!"

"मला काय करायचंय कुठलं ते? घरात मांजर आहे ना? मग झाड नको."

ती हसली. "आजी, तू स्वल्प जास्तच घाबरतेस हं." इथंच बंगळुरात जन्मलेली पोर, थोडंला स्वल्प आणि बरंला सरी, असं कानडी तिच्या मराठीत यायचंच. एरवी मीही हसले असते. त्या दिवशी मात्र माझं डोकं फिरलं. तिला नाही नाही ते बोलले, फोन ठेवला आणि मग बराच वेळ रडत बसले. तिच्यासाठी नव्हे, माझ्या आत्यासाठी. नातीच्या झाडाचं मला खरंच काही ठाऊक नाही. मला एकच झाड ठाऊक आहे.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लग्न होऊन थोडी वर्षं झाली नाहीत तोच नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. रत्नागिरीकडच्या गावात दिरांच्या घरी राबत राहिली. पुढे दिरांच्या वाटण्या झाल्या आणि वाटणीत हिला ठेवून घ्यायला कुणीच तयार होईना, तेव्हा वडील जाऊन तिला बंगळूरला घेऊन आले. वडील इथं सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. आम्ही क्वार्टर्समध्ये राहायचो. पन्नासचं दशक संपत आलं होतं, मी दहा-अकरा वर्षांची असेन.

तिच्या गाठोड्यात दोन लुगडी, एक तांब्या आणि फडक्यात गुंडाळलेला एक कंद होता. नांगराच्या फाळासारखा, दोन बाजूंना फाकलेला. मी हात लावायला गेले तशी केवढ्यांदा ओरडली, "शिवू नकोस गो! विषारी असतो तो. हात धू आधी!" मग स्वतःच कुंडी भरून तो खोल पुरला आणि राखेनं हात घासघासून धुतले. कळलावीचा कंद होता तो.

आमच्याकडे गौरी बसतात त्या तेरड्याच्या. तेरड्याची जुडी बांधायची, मुखवटा लावायचा, साडी नेसवायची आणि दोन बाजूंना हात म्हणून कळलावीची फुलं खोवायची. खाली पिवळी, वर लालभडक, पाकळ्या अशा वर वळलेल्या की बोटं उचलल्यासारखी वाटतात. कोकणात त्या फुलांना गौरीचे हातच म्हणतात. बंगळुरात तेरडा मोकळ्या जागेत उगवायचा, मार्केटात फुलांचे ढीगच्या ढीग असायचे, पण हे फूल काही मिळायचं नाही. आई दरवर्षी हळहळायची. आत्यानं ते कधीतरी वडिलांच्या पत्रात वाचलं होतं, म्हणून कंद घेऊन आली.

त्यात आणखी एक होतं, ते मला पुष्कळ उशिरा कळलं. आत्यानं गौरीला शिवायचं नाही, ओटी भरायची नाही, हळदीकुंकवाला समोर यायचं नाही. पण झाड लावायला, पाणी घालायला, कळ्या मोजायला कुणाची हरकत नव्हती. गौरीच्या सणात तिच्या वाट्याला तेवढंच आलं होतं आणि ते ती जिवापाड करायची. आषाढात कुंडीतून कोंब वर आला की सकाळी उठल्याबरोबर आधी तिकडे. त्या झाडाची पानं मोठी गमतीची. प्रत्येक पानाचं टोक दोऱ्यासारखं निघतं आणि जे सापडेल त्याला विळखा घालतं. आत्यानं व्हरांड्याच्या गजांना सुतळ्या बांधून दिल्या होत्या. वेल त्यांवर चढायची.

दिवसभर तिला बोलायला कुणी नव्हतं. वडील कारखान्यात, आम्ही पोरं शाळेत, आईच्या मागे घरचं काम. आजूबाजूला सगळं कानडी. गावात बांधावरून हाका मारून बोलणारी बाई ती, इथं मागच्या पायरीवर गुडघे पोटाशी घेऊन बसून राहायची. शेजारच्या कानडी बाई, त्यांना आम्ही अक्का म्हणायचो, त्या कुंपणावरून काहीतरी विचारायच्या, ही नुसती मान हलवायची. अक्कांना बहुधा दया आली. एक दिवस मांजरीचं पिल्लू आणून तिच्या ओच्यातच ठेवलं, "तगोळ्ळी अम्मा." घ्या. आत्या म्हणाली, "अगोबाई! हे मेलं कुणाला हवंय?" आणि दोन्ही हातांनी पिल्लू धरून ठेवलं.

पांढरी, शेपटीवर एक काळा ठिपका. नाव वगैरे नाही, "बये" म्हणायची तिला. तेव्हापासून आमच्या घरात बोलणं सुरू झालं. "काय गो बये, दूधवाला कुठे मेला आज?" "ऊन बघ, असलं कसलं गो ऊन हे, अंगाला लागतसुद्धा नाही." गावची आंब्याची झाडं, दिरांचा लबाडपणा, नवऱ्याला काय आवडायचं, सगळं त्या मांजरीला सांगून झालं. नवऱ्याबद्दल ती माणसांजवळ कधी अवाक्षर बोलली नव्हती. आम्ही दाराआडून ऐकायचो आणि खुदुखुदु हसायचो. आई दटावायची, "बोलू दे गं त्यांना. तेवढंच तर आहे."

पहिल्या वर्षी झाडाला फुलं आली, गौरीला हात लागले, सगळं छान पार पडलं. मांजर तेव्हा नव्हतं. दुसऱ्या वर्षी होतं.

त्या वर्षी श्रावणात वडिलांनी एकदा सहज विचारलंसुद्धा होतं, "ताई, कंद विषारी म्हणतेस, मग मांजराचं काय?" नातीचा परवाच्या फोनवरचाच प्रश्न, बघा. आत्या म्हणाली, "कंद खाली पुरलाय बाळ, वीतभर. वर आहे ती गौर. ती कशाला कुणाचं वाईट करते?" ते आम्हा सगळ्यांना पटलं. तिच्या गावात सगळे हेच समजून चालायचे, विष काय ते जमिनीखाली. शिवाय गावातल्या मांजरांना गवत मिळायचं, ती वेलीकडे ढुंकून बघत नसत. आमची बयसुद्धा मागच्या अंगणात गवत खायची. वेलीच्या त्या वळलेल्या टोकांशी पंज्यानं खेळायची, बस्स.

गौरी जेवल्या त्या दिवशी घरात ही गडबड. सकाळपासून घावन-घाटलं, पुरण, सोवळं-ओवळं. मांजर नैवेद्यात तोंड घालील म्हणून आईनं सांगितलं, "वन्सं, बयेला आज तुमच्या खोलीत ठेवा." बायकांना बसायला जागा हवी म्हणून व्हरांड्यातल्या कुंड्याही आत नेल्या. हातांपुरती फुलं खुडून झाली होती, उरलेली वेल सुतळ्यांसकट आत्याच्या खोलीत आली. आणि आत्याही आत गेली. तिला कुणी जा म्हटलं नव्हतं. असल्या गोष्टी सांगाव्या लागत नसत. त्या खोलीला एकच दार, आणि ते उघडायचं मधल्या खोलीत, जिथं गौरी बसल्या होत्या. सवाष्णींच्या समोरून गेल्याशिवाय तिला बाहेर पडता येणार नव्हतं. तिनं दार ओढून घेतलं.

जेवणं झाल्यावर मी तिचं ताट घेऊन आत गेले. बय कुंडीला पुढचे पाय लावून उभी होती आणि एका पानाचं टोक कराकरा चावत होती. बाहेर जायला मिळालं नाही, गवत नाही, मग काय करणार बिचारी. आत्या तिच्याकडे बघून इतकी गोड हसत होती! मला म्हणाली, "बघितलंस? सगळ्यांना जेवायला घातलंत, हिला कुणी विचारलं नाही. खा गो बये. गौरीचा प्रसाद आहे तो." मीही हसले. ताट ठेवलं आणि पळाले, कारण बाहेर बायका यायला लागल्या होत्या.

दुपारभर रीघ होती. क्वार्टर्समधल्या झाडून सगळ्या मराठी बायका, वर शेजारच्या कानडी. अक्का दरवर्षीप्रमाणे चिडवत होत्या, "आमची गौरी गणपतीच्या आदल्या दिवशीच येऊन गेली. तुमची रेल्वेनं येते वाटतं?" आई हसत होती, हळदीकुंकू लावत होती, ओट्या भरत होती. मी कॉफीचे पेले देत होते. सगळ्या जणी गौरीच्या हातांचं कौतुक करत होत्या. "अय्या, खरी फुलं! कुठून मिळवलीत?" आई प्रत्येकीला सांगायची, "आमच्या वन्संनी लावलीत." दार तिच्या पाठीमागेच होतं.

दिवेलागणीला शेवटची बाई गेली. वडील कारखान्यातून आले, हातपाय धुऊन गौरीच्या पाया पडले आणि म्हणाले, "ताई कुठंय? तिला कॉफी दिलीत का?" कुणी दिली नव्हती. मी पेला घेऊन दार ढकललं.

खोलीत वास कोंडला होता. आत्या भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर स्वतःचं लुगडं पसरून त्यावर बय. मांजरीच्या तोंडातून लाळ गळत होती. ओकून ओकून तिच्या पोटात काही राहिलं नव्हतं, तरी उबळ येत होती. जुलाबात रक्त होतं. आत्यानं फडक्यांनी पुसून पुसून सगळी फडकी एका कोपऱ्यात नीट रचून ठेवली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "गेल्या का सगळ्या?"

वडिलांनी धावत जाऊन जटका आणला. घोड्याची गाडी ती, पण त्या दिवशी बैलगाडीसारखी चाललीय असं वाटत होतं. मी रडून आकांत केला म्हणून मलाही घेतलं. आत्या सबंध वाटेत बयेच्या कानाशी बोलत होती. "आलं हो बये, आलंच. डॉक्टर बघतील. तुला काय झालंय? काही नाही झालं." मी देवाला म्हणत होते, हिचं मांजर नेऊ नकोस, हिला दुसरं काही नाहीये.

जनावरांच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर आवारातच राहत होते, जेवता जेवता उठून आले. एरवी गाई-घोडे बघणारा माणूस, पण त्यांनी बयेला फार हळू हातानं तपासलं. ते कानडीत विचारायचे, वडील आत्याला मराठीत सांगायचे. मला शाळेमुळे कानडी वडिलांपेक्षा चांगलं कळायचं, त्यामुळे मला सगळं दोनदा ऐकावं लागलं.

काय खाल्लं? आत्यानं हातांनी वेल दाखवली, पाकळ्या कशा वर वळतात ते बोटांनी दाखवलं. डॉक्टरांच्या ध्यानात आलं. म्हणाले, ते झाड सबंध विषारी. कंद, पान, फूल, सगळं. वडिलांनी सांगितलं. आत्या म्हणाली, "पानसुद्धा?" वडील म्हणाले, "हो ताई. पानसुद्धा." ती डॉक्टरांकडे बघत राहिली, जणू ते अजून काही वेगळं सांगतील.

मग डॉक्टरांनी विचारलं, ओकायला कधी लागली?

"दुपारी," आत्या म्हणाली. "ही ताट ठेवून गेली, त्यानंतर थोड्या वेळानं."

डॉक्टर वडिलांना म्हणाले, मग तेव्हाच का नाही आणलंत? तेव्हा काहीतरी करता आलं असतं, निदान प्रयत्न तरी. एवढा वेळ काय करत होता?

वडिलांनी आत्याला विचारलं, "ताई, मग कुणाला सांगितलं का नाहीस?"

"बाहेर सवाष्णी बसल्या होत्या ना रे बाळ," ती म्हणाली. "समोरून कशी जाऊ?"

 डॉक्टर उत्तराची वाट बघत होते. ते इथल्याच मुलखातले, त्यांच्याही घरी अशी कुणी असेलच, नुसतं सांगितलं असतं तरी त्यांना कळलं असतं. पण वडिलांच्या तोंडून ते निघेना. शेवटी खाली बघून ते म्हणाले, "नमगे गोत्तागलिल्ला." आम्हाला कळलं नाही.

डॉक्टरांनी एक इंजेक्शन दिलं, ऊब द्या म्हणाले. बय उजाडता उजाडता गेली. आत्याच्या मांडीवरच. आत्या ओक्साबोक्शी रडली, मोठ्यानं, सगळ्यांसमोर. मी तिला त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. "मीच घातलं गो तिला. मीच खा म्हटलं. प्रसाद म्हटलं मी." आम्ही पोरंही रडत होतो. वडील अंगणात पाठ करून उभे होते.

 आई आत्याजवळ बसली, तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि मग न राहवून म्हणाली, "वन्सं, नुसती हाक मारायची होती हो. मी दाराशीच तर होते."

"हाक कशी मारू? तुझ्या हातात कुंकवाचा करंडा होता."

त्याच दिवशी गौरी जायच्या होत्या. त्या गेल्या. बयेला अंगणात पुरलं. एक शेजारीण निर्माल्य न्यायला आली होती, ती आईला हळूच म्हणाली, "ऐन गौरीत अपशकुनच झाला हो हा." आईनं तिला अशी काही झाडली की ती बाई पुढे दिवाळीपर्यंत आमच्या दाराशी फिरकली नाही. संध्याकाळी आत्यानं कुंडी उपडी केली, कंद काढला आणि चुलीत टाकला. आई म्हणाली, "अहो, असू दे की वन्सं, लांब कुठंतरी लावू. पुढच्या वर्षी गौरीला हात कुठले?" आत्या म्हणाली, "तुझं तू बघ."

त्यानंतर आमचं घर गप्प झालं. मागच्या पायरीवर आत्या बसायची, पण आवाज नाही. अक्कांनी आणखी एक पिल्लू देऊ केलं, तिनं मान हलवून नको म्हटलं. विचारलं तर उत्तर द्यायची, तेवढंच. मी शाळेतून आले की मुद्दाम तिच्याजवळ जाऊन बसायची, कानडी शब्द शिकवते म्हणायची, काहीबाही विचारायची. ती माझ्या केसांतून हात फिरवायची आणि गप्प बसायची. ऐकवत नसे ते. आईला तर मुळीच नाही. आई आतल्या आत कुढत होती, हे मला तेव्हाही दिसायचं.

वर्ष गेलं. गौरीला आईनं पांढऱ्या कापडाचे हात शिवले, आत कापूस भरून. हळदीकुंकवाच्या दिवशी सगळं आवरलं आणि आत्या उठून खोलीकडे निघाली, तशी आईनं तिचा दंड धरला. "नाही वन्सं. आज तुम्ही इथं बसायचं. माझ्याशेजारी."

"वेड लागलं का तुला? बायका यायच्यात."

"येऊ देत की. ज्यांना चालायचं नाही त्यांनी जावं."

वडील म्हणाले, "ताई, बस." आईनं पाट मांडला. आत्या बसली. अंग चोरून, हात मांडीत धरून, लग्नाच्या पंगतीत चुकून बसलेल्या भिकारणीसारखी बसली होती ती, आपल्याच भावाच्या घरात. बायका आल्या. काहींनी एकमेकींकडे पाहिलं. एक जण कॉफी न घेताच उठली. पण बाकीच्या बसल्या, गप्पा झाल्या. अक्का आल्या त्या सरळ आत्याच्या पाया पडल्या आणि तिच्याच शेजारी फतकल मारून बसल्या. आईनं सगळ्यांना हळदीकुंकू लावलं आणि आत्याच्या हातात जाईची ओंजळ दिली. ती फुलं ती शेवटपर्यंत तशीच धरून बसली होती.

सगळ्या गेल्यावर आईचा चेहरा काय फुलला होता! वर्षभराचं ओझं उतरल्यासारखी ती आत्यासमोर येऊन बसली. डोळे भरले होते. म्हणाली, "बघितलंत वन्सं? उगाच घाबरत होतात. काही झालं का?"

आत्यानं ओंजळीतली फुलं पाटावर ठेवली.

"तेच म्हणत्ये मी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होती. "काहीच होणार नव्हतं, तर मग गेल्या वर्षी का नाही गो बसवलंस मला बाहेर?"